टचिंगबाई आणि जास्वंदीतले बुलबुल

फोटोच्या दुकानात सगळं आयुष्य गेलं, पण टचिंगबाईंनी तिथे एकदाही फोटो काढला नव्हता. लोकांना हे खोटं वाटायचं. स्टुडिओत फोटो काढायचे मालक, आणि बाई बसायच्या मागच्या खोलीत, उतरत्या टेबलाशी. टेबलाच्या मधोमध दुधी काच, काचेखाली दिवा, काचेवर निगेटिव्ह आणि बाईंच्या हातात पेन्सिल. तिचं टोक काचकागदावर घासून असं करायचं की बोटाला लागलं तर रक्त यावं. निगेटिव्हवर आधी एक चिकट औषध चोळायचं, म्हणजे शिसं धरतं. मग एक डोळा मिटायचा, दुसऱ्याला भिंग लावायचं आणि मुंगीच्या पावलांएवढ्या रेघा मारत बसायचं. मुरमांचे डाग जायचे, डोळ्यांखालची काळी वर्तुळं जायची, गालावर आलेली चुकार बट जायची. लग्नाच्या मुली, नोकरीचे उमेदवार, भिंतीवर लावायचे गेलेले आजोबा, सगळे बाईंच्या हाताखालून जायचे आणि दहा वर्षांनी लहान होऊन बाहेर पडायचे. ह्याला दुकानात टचिंग म्हणत, म्हणून बाई टचिंगबाई. खरं नाव रेशनकार्डावर असेल.

रस्त्याने जाताना एखादी भारदस्त बाई समोरून आली की टचिंगबाई वहिनीच्या कानाशी लागायच्या.

"हिच्या हनुवटीवरचा तीळ मी काढलाय."

"अहो वन्सं, आहे की तो अजून. चांगला वाटाण्याएवढा!"

"तोंडावर असेल. फोटोत नाही."

लग्न बाईंनी केलं नाही. का, ते विचारायचं धाडस फार जणांनी केलं, उत्तर कुणालाच मिळालं नाही. भावाकडे राहायच्या. दादा, वहिनी आणि त्या, अशी तीन माणसं तळमजल्याच्या जागेत. पुढे रस्ता, मागे दोन पायऱ्या उतरून हातभर अंगण. अंगणात कपडे वाळत घालायची तार, पत्र्याच्या अर्ध्या पिंपात लावलेलं लिंबाचं झाड आणि भिंतीला टेकून वाढलेली, कुणीच कधी न छाटलेली जास्वंद. दादांची सत्तरी जवळ आली होती, बाईंची साठी उलटून गेली होती, तरी दादा त्यांना "छकुले" म्हणायचे, तेसुद्धा चारचौघांत. बाई दात खायच्या.

मग कॉम्प्युटर आला. बाईंना ज्या चेहऱ्याला अर्धा दिवस लागायचा तो मालकांचा मुलगा चहा पिता पिता गुळगुळीत करायला लागला. बाई म्हणाल्या, "चेहरा कुठाय ह्यात? हे तर उकडलेलं अंडं आहे." त्यांचं म्हणणं खरं होतं, पण गिऱ्हाइकांना अंडंच हवं होतं. दुकान आवरलं तेव्हा मालकांनी बाईंना एक कॅमेरा दिला, लांब नळीच्या लेन्ससकट. त्यात रोल घालावा लागत नव्हता. "आयुष्यभर दुसऱ्याचं निस्तरलंत," मालक म्हणाले, "आता स्वतः काढा."

कशाचा काढणार? माणसांची तोंडं बघून बाईंना वीट आला होता. थंडी सरत होती. एका सकाळी त्या मागच्या पायरीवर चहा घेऊन बसल्या होत्या, तेवढ्यात तारेवर एक पक्षी येऊन बसला. काळा कुळकुळीत, पोट पांढरं, पंखावर पांढरा पट्टा, शेपटी वर. बाई कपातला चहा प्यायच्या विसरल्या. जन्मभर त्यांनी जग उलटं बघितलं होतं, पांढरे केस काळे, काळे डोळे पांढरे. त्यांना वाटलं, कुणीतरी आपली निगेटिव्हच तारेवर वाळत घातली आहे. तो दयाळ पक्षी होता, हे त्यांना पुढे कळलं. तेव्हा त्यांनी नुसता आत जाऊन कॅमेरा आणला, आणि आल्या तोवर तार रिकामी होती.

झालं. ह्या रिकाम्या तारेने बाईंना जे धरलं ते सोडलं नाही. सकाळी उजाडलं की बाई पायरीवर. वहिनींना आपली कपड्यांची बादली त्यांना ओलांडून न्यावी लागायची.

"वन्सं, जरा सरकाल का? का मी पण पंख लावून येऊ?"

"हळू बोला वहिनी. शिंपी पक्षी बसलाय."

"बसला असेल तर त्याला म्हणावं दादांच्या पँटची शिवण उसवलीय."

ऊन तापायला लागलं तशी फुलपाखरं वाढली. लिंबाच्या झाडावर काळी-पिवळी फुलपाखरं घिरट्या घालायची, पानाला पोट टेकवून अंडी घालायची. बाईंना ती लिंबाच्या पानांवर हवी होती, पण पानं घाण झालेली. सगळ्या कोवळ्या पानांवर पाखरांच्या शिटा. बाईंनी कापूस ओला केला आणि पान न् पान पुसून लख्ख केलं. रविवारी तळ्यावर पाखरं बघताना ही गोष्ट त्यांनी दातांच्या डॉक्टरांना मोठ्या कौतुकाने सांगितली. डॉक्टरांनी दुर्बीण खाली केली.

"बाई, शिटा पांढऱ्या-काळ्या होत्या? जरा चकचकीत? पानाच्या मधोमध?"

"हो."

"त्या अळ्या होत्या. त्याच फुलपाखरांच्या. लहानपणी त्या शिटेसारख्या दिसतात, पाखरांनी खाऊ नये म्हणून. पाखरं फसतात. तुम्हीही फसलात, आणि पुसूनच टाकल्यात."

बाई घरी आल्या आणि झाडाखाली वाकून वाकून बघत राहिल्या. वहिनींना हे कळलं तेव्हा त्या पोट धरधरून हसल्या. पण दुसऱ्या दिवशी कपडे वाळत घालताना झाडाच्या मागच्या बाजूला एक अळी पुसायची राहिलेली त्यांनाच सापडली, आणि त्यांनीच हाक मारली. तेवढं मात्र खरं.

हे दातांचे डॉक्टर म्हणजे रविवारच्या मंडळींचे म्होरके. शाळेतली एक शिक्षिका, एक निवृत्त पोस्टमास्तर, बेकरीवाला आणि त्याची बायको, अशी सात-आठ माणसं दर रविवारी पहाटे दुर्बिणी घेऊन तळ्याकडे जायची. बाईही आता त्यांच्यात होत्या. नियम तीन. पाखराच्या अंगावर जायचं नाही, घरट्याचा फोटो काढायचा नाही आणि मोठ्याने बोलायचं नाही. तिसरा नियम डॉक्टर स्वतःच मोडायचे. उन्हाळा संपता संपता वाचनालयाच्या हॉलमध्ये मंडळींच्या फोटोंचं प्रदर्शन भरायचं. प्रत्येकाचा एक फोटो. बाईंना ह्या वर्षी तिथे आपला फोटो लागायला हवा होता. एवढ्या चेहऱ्यांवर आपला हात फिरला आणि खाली नाव लागलं मालकांचं, ही सल त्यांनी कुणाला बोलून दाखवली नव्हती. पण सल होती.

फोटो निवडायला मंडळी डॉक्टरांच्या दवाखान्यात जमली. बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर, किडलेल्या दातांच्या तक्त्याखाली, सगळ्यांनी आपापले फोटो मांडले. बाईंनी आणलं होतं लिंबावरचं फुलपाखरू, पंख उघडून बसलेलं. शिक्षिका म्हणाली, "अहाहा!" डॉक्टरांनी फोटो उचलला, खिडकीपाशी नेला, तिरका धरला.

"बाई, ह्याचा मागचा उजवा पंख…"

"काय झालं त्याला?"

"काही झालं नाही, हेच झालंय. त्या रविवारी तुमच्या अंगणात मी तुमच्या शेजारी उभा होतो. त्याचा तो कोपरा फाटलेला होता. सरड्याने तोडला असेल. इथे अख्खा आहे."

"मी भरला," बाई म्हणाल्या. "बारीक कुंचल्याने. दोन संध्याकाळी गेल्या. कुठे जोड दिसतोय का दाखवा."

"दिसत नाही, तेच तर!"

"मग? फाटका पंख घेऊन त्याने प्रदर्शनात यायचं? तुम्ही नाही का लोकांना दात बसवून देत?"

बेकरीवाला फसकन हसला. डॉक्टर हसले नाहीत.

"मी दात बसवतो तो माणूस त्याने चावतो, बाई. तुम्ही भरलेल्या कोपऱ्याने हे फुलपाखरू उडणार आहे का? ते फाटक्या पंखानेच उडत होतं. बघण्यासारखं ते होतं."

बाईंनी फोटो परत घेतला, पिशवीत घातला. डॉक्टरांचा आवाज खाली आला. "अजून वेळ आहे. दुसरा आणा. फक्त त्याला हात लावू नका."

घरी आल्यावर बाईंनी चपला इतक्या जोरात काढल्या की दादांनी पेपर खाली केला. "काय गं छकुले, दात काढला का?"

"दादा, गप्प बस."

हात लावू नका. ठीक आहे. बाई विचार करत बसल्या आणि त्यांना जे सुचलं ते फक्त टचिंग करणाऱ्यालाच सुचावं. फोटो काढल्यावर हात लावायचा नाही ना? मग आधीच सगळं असं साफ करायचं की नंतर हात लावावाच लागणार नाही.

जास्वंदीत बुलबुलांनी घरटं केलं होतं. बाईंना ते कधीपासून ठाऊक होतं. मागच्या पायरीवर बसलं की छातीच्या उंचीवर, पानांच्या आत, वाटीएवढं. डोक्यावर काळा तुरा, शेपटीखाली लाल ठिपका असलेली ती जोडी बाईंना इतकी सरावली होती की त्यांच्यासमोरून किडे घेऊन आत शिरायची. तीन पिल्लं निघाली होती. दिवसभर बघूनही बाईंना त्यांचा अख्खा चेहरा कधी दिसला नव्हता. कधी चोचीवर पान, कधी डोळ्यावर डहाळी. बाईंच्या हाताला खाज सुटायची. एका मुलीच्या नाकावर आलेली बट काढायला त्यांना चहा गार व्हायच्या आत जमायचं, आणि इथे एक पान हटत नव्हतं.

घरट्याचा फोटो काढायचा नाही हा नियम बाईंना पाठ होता. त्यांनी स्वतःशी वाद घातला. घरट्याला मी हात लावणार आहे का? नाही. पिल्लांना? नाही. पाखरं मला घाबरतात का? नाही. पानं कुणाच्या मालकीची? आमच्या जास्वंदीची. वकील झाल्या असत्या तर चांगल्या झाल्या असत्या.

सकाळी, आई-बाप दोघंही किडे शोधायला गेलेले बघून, बाईंनी शिवणाच्या डब्यातली छोटी कात्री घेतली. एक पान कापलं. ते गेलं तसं मागचं पुढे आलं. ते कापलं. मग एक डहाळी. मग वरची, कारण तिची सावली पिल्लाच्या बरोबर डोळ्यावर पडत होती. कात्री जाड फांदीला चालेना तेव्हा स्वयंपाकघरातली आणली. आत्तापर्यंत कामात जसं व्हायचं तसंच झालं. एक डाग काढला की शेजारचा मोठा दिसायला लागतो. बाई थांबल्या तेव्हा जास्वंदीला खिडकी पडली होती आणि त्या खिडकीत तीन चेहरे होते. डोळे, चोचीच्या कडा, डोक्यावरची चार काडीसारखी पिसं, सगळं लख्ख. बाईंनी डोळा मिटला आणि फोटो काढले. दुपारी ऊन फिरून अंगणात आलं तेव्हा आणखी काढले, आता तर कानाकोपऱ्यातही अंधार उरला नव्हता. तारेवर आई-बाप ओरडत होते. बाई म्हणाल्या, "झालं हो, झालं."

जेवण झाल्यावर त्या पलंगावर बसल्या आणि कॅमेऱ्याच्या मागच्या चौकटीवर भिंग धरून एकेक फोटो बघायला लागल्या. सकाळचे सुरेख होते. दुपारच्या पहिल्या फोटोत तिन्ही पिल्लांनी चोची वासल्या होत्या, आत लालभडक. काय फोटो होता! ह्याच्यापुढे प्रदर्शनातले बाकीचे पाणी भरतील.

मग बाईंच्या डोळ्याला काहीतरी टोचलं. हनुवटीखाली सावली नव्हती. मालकांनी दिवा जवळ घेतला की असं व्हायचं. चेहरा पांढराफटक यायचा आणि बाई निगेटिव्ह घेऊन तणतणत बाहेर जायच्या, "जाळलात, आता मी काय करू? जे उरलंच नाही त्याच्यावर मी काय काढणार?" त्यांनी पुढचा फोटो लावला. चोची तशाच वासलेल्या. पुढचा. तशाच. पुढच्यात आई होती, घरट्याच्या काठावर उभी. तिच्या चोचीत किडा नव्हता. तिचीही चोच उघडी होती.

ही भूक नव्हती. ती सगळीच धापा टाकत होती.

बाई उठल्या तेव्हा भिंग पलंगाखाली घरंगळलं. अंगणात ऊन रणरणत होतं आणि कापलेल्या खिडकीतून थेट घरट्यात ओतत होतं. आई पिल्लांवर पंख पसरून उभी होती, स्वतः वाफेत असल्यासारखी. ती हलली तर पिल्लं भाजणार, न हलली तर उपाशी. बाप एकटाच चकरा मारत होता. दोन पिल्लांची डोकी वर होती. तिसऱ्याची मान घरट्याच्या काठावरून बाहेर लोंबत होती. आणि समोरच्या गच्चीच्या कठड्यावर कावळा बसला होता, मान वाकडी करून, बाईंसारखाच एक डोळा लावून.

"वहिनी!" बाई ओरडल्या. घरात बाईंचा असा आवाज कुणी ऐकला नव्हता. "वहिनी, धावा!"

वहिनी हातात उलथनं घेऊनच आल्या. जास्वंदीकडे बघितलं, पायरीवर पडलेली पानं बघितली, स्वयंपाकघरातली कात्री बघितली. वहिनींना समजायला वेळ लागला नाही. इतर वेळी त्यांनी ही संधी सोडली नसती. आत्ता त्या फक्त म्हणाल्या, "डॉक्टरांना विचारा. मी चादर आणते."

डॉक्टरांनी फोन उचलला तेव्हा मागे त्यांच्या यंत्राची घरघर चालू होती. बाईंनी काही लपवलं नाही, एका दमात सांगितलं. घरघर बंद झाली.

"कात्री लावलीत? बाई, तुम्ही… बरं. ओरडून काय उपयोग. त्याच फांद्या परत बांधा. लगेच."

बांधल्या. कोमेजून दोऱ्यासारख्या लोंबल्या. वहिनींनी तारेवरून चादर सोडली तर ती वाऱ्याने फडफडली आणि आई उडाली ती जवळ येईना. चादर काढली. दादा काठी टेकत आले, हातात जुनी काळी छत्री. स्टुलाला बांधून बघितली, पहिल्या झुळकेला स्टुलासकट आडवी. शेवटी बाई स्वतः जास्वंदीपाशी स्टूल टाकून बसल्या आणि छत्री हातात धरली. लांब केलेला हात, अजिबात न हलणारा. ह्या हाताने जन्मभर केसाएवढी रेघ सरळ काढली होती. आई तारेवर बसून ओरडली, खाली आली, परत वर गेली. मग बाईंच्या मनगटाजवळून आत शिरली.

तिसरं पिल्लू संध्याकाळपर्यंत गेलं. आईने ते बाहेर टाकलं. वहिनींनी ते कागदात उचललं आणि बाईंना न दाखवता लिंबाच्या पिंपात पुरलं. पण बाईंनी बघितलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून घराचा शिरस्ता बदलला. ऊन अंगणात शिरलं की बाई छत्री घेऊन स्टुलावर, आणि इमारतीची सावली परत जास्वंदीवर येईपर्यंत उठायचं नाही. पाणीसुद्धा कमी प्यायच्या, उठावं लागू नये म्हणून. ह्यावर वहिनींनी पहिल्यांदा तोंड उघडलं.

"उद्या तुम्ही चक्कर येऊन पडलात तर छत्री घरट्यावरच पडेल. प्या ते पाणी. मी धरते तोवर."

"तुमचा हात हलतो."

"हलतो तर हलतो! तुमच्यासारखा पुतळा नाही मी. तीस वर्षं ह्या हाताने तुम्हाला जेवायला घातलंय, तेव्हा नाही हलला तो?"

बाई पाणी प्यायल्या.

दादा मागच्या दारात खुर्ची टाकून पेपर वाचायचे आणि मधून मधून टोमणे मारायचे. "छकुले, राजवाड्यात राणीमागे दासी उभ्या राहतात तशी दिसतेस. पगार काय ठरलाय?" पण कावळा तारेवर उतरला की पहिली काठी दादांचीच आपटायची. वहिनींनी तर कपड्यांचे चिमटेच जवळ ठेवले होते. नेम असा धरायच्या की एक चिमटा शेजाऱ्यांच्या गॅलरीत जाऊन पडला आणि तिथली म्हातारी म्हणाली, "आम्ही काय केलं हो?"

कॅमेरा आत पलंगावर पडून होता. एका हातात छत्री धरून तो चालवता येत नव्हता, आणि यायला लागला असता तरी बाईंनी आणला नसता. आता पिल्लं त्यांच्या हातभर जवळ होती. त्यांना दिसत होतं की मोठ्याची चोच जरा वाकडी आहे. धाकट्याच्या पाठीवरची पिसं नीट फुटलेली नाहीत, तिथे गुलाबी कातडी दिसते. टचिंग करावं असं खूप होतं. बाई नुसत्या बघत बसायच्या.

डॉक्टर रविवारी फेरीहून परस्पर आले, बुटांना चिखल तसाच. त्यांनी लांबूनच छत्री बघितली, दुर्बिणीतून घरटं बघितलं आणि बाईंना म्हणाले, "कॅमेरा दाखवा. नेमकं किती कापलंत ते बघू." वहिनींनी आणून दिला. डॉक्टर एकेक फोटो बघत गेले आणि सकाळच्या एका फोटोवर थांबले. बराच वेळ थांबले. तो दुपारच्या आधीचा होता, तीन चेहरे, मऊ उजेड, आणि तिघंही जिवंत.

"काय फोटो आहे हा," ते हळूच म्हणाले. मग घसा खाकरला. "आम्ही घरट्यांचे फोटो लावत नाही. पण नियम आपणच केलेत. मंडळींना विचारून बघता येईल. बाई, ह्याच्याजवळ जाणारा दुसरा आलेला नाही."

दादांनी पेपर खाली केला. बाईंनी छत्रीचा हात बदलला, अगदी सावकाश.

"मंडळींना काही विचारू नका," त्या म्हणाल्या.

"मग तुमची जागा?"

"राहू दे रिकामी. मी हे असं काढलं म्हणून उद्या दुसरी कोणीतरी कात्री घेऊन निघेल. माझ्यापेक्षा वाईट कात्री."

"पुसून टाकू का?"

बाईंनी कॅमेऱ्याकडे बघितलं. त्यांनी आयुष्यात एवढं चांगलं काही केलं नव्हतं, हे त्यांना कळत होतं. डॉक्टरांनाही.

"नको," त्या म्हणाल्या. "असू दे. मला बघायला लागेल. पण बाहेर जाणार नाही."

डॉक्टरांनी कॅमेरा वहिनींच्या हातात दिला. जाताना दादांना म्हणाले, "तुमची ती खालची दाढ दाखवायला या, फुकट बघेन." दादा म्हणाले, "फुकट म्हटल्यावर ती दुखायचीच थांबते."

पिल्लं मोठी झाली. काठावर चढून पंख झाडायला लागली, शेपटी म्हणाल तर बोटाच्या पेराएवढी. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं होतं, आता केव्हाही निघतील. बाई स्टुलावरून ढळेनात. पण म्हातारपणीचं पोट कुणाचं ऐकत नाही. एका दुपारी त्यांना उठावंच लागलं. "वहिनी, एवढी धरा. हलवू नका. मी आलेच."

आत जेमतेम कडी लावली असेल, बाहेर वहिनींची किंकाळी आली. मग दादांचा आवाज, मग छत्री पडल्याचा. बाई पदर सावरत धावत आल्या तोवर घरटं रिकामं होतं. वहिनी अंगणाच्या मध्ये उभ्या होत्या, दोन्ही हात गालांवर.

"उडाली! वन्सं, उडाली हो!"

"कोणतं आधी? मोठं की धाकटं? कुठे गेली? तुम्ही छत्री का टाकलीत?"

"मी टाकली नाही, पडली! माझ्या नाकासमोरून गेलं हो ते! फर्रकन! मला वाटलं डोळाच फोडतंय! आणि दुसरं तर पडलंच, धप्पकन, लिंबाच्या झाडात, आणि आई अशी ओरडत, आणि मग ते फांदीवर, पाय असे—" वहिनींनी पाय कसे ते करून दाखवलं. पासष्टीच्या वहिनी, गुडघे धरलेल्या, एका पायावर.

"पहिल्याची चोच वाकडी होती का?"

"अहो, ते माझ्या नाकावरून जात असताना मी चोच बघू?"

बाई स्टुलावर बसल्या. ज्याच्यासाठी एवढे दिवस बसलो ते झालं, आणि बघितलं वहिनींनी. दादांना वाटलं छकुली आता रडणार. पण बाईंनी वहिनींना ओढून शेजारी बसवलं.

"पहिल्यापासून सांगा. सावकाश. काठावर आधी कोण आलं?"

वहिनींनी सांगितलं. मग परत सांगितलं, कारण बाईंनी विचारलं आई कुठल्या बाजूने ओरडत होती. लिंबाच्या झाडात धाकटं अजून बसलेलं होतं, फांदीला घट्ट धरून, पाठीवर तो गुलाबी डाग. बाप किडा घेऊन आला. दोघी बघत राहिल्या. कॅमेरा आणायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, की आलं आणि कुणी उठलं नाही, देव जाणे.

चार वाजता शेजारची म्हातारी चिमटा परत द्यायला आली. बाई आत चहा टाकत होत्या. वहिनी दारातच सुरू झाल्या, हातवारे करून, आणि एव्हाना गोष्टीला चांगला रंग चढला होता.

"काय सांगू तुम्हाला! छत्रीखालून एक उडालं, मग दुसरं, मग तिसरं! तिन्ही पिल्लं अशी एकामागून एक—"

"दोन," बाई आतून म्हणाल्या.

वहिनींनी मान मागे वळवली. "अहो वन्सं, सांगताना—"

"दोन, वहिनी. एक मेलं. मी पानं कापली म्हणून मेलं. तेही सांगा त्यांना."

शेजारची म्हातारी चिमटा हातात धरून दोघींकडे बघत राहिली. वहिनी तिला हाताला धरून पायरीवर बसवत म्हणाल्या, "या, बसा. पहिल्यापासून सांगते. आमच्या वन्संनी आधी काय केलं माहितीये का…"

बाईंनी आधणात आणखी एक कप पाणी घातलं.